बरोबरी

रविवारी संध्याकाळी सहानंतर
टेलिफोन फक्त माझ्याशी बोलायचा.
बेलग्रेड, लीगची कचेरी, तिसरा मजला,
हिरव्या दिव्याखाली मी, दोब्रिला वुकमिरोविच,
आणि दोन टाइपरायटर: एक लॅटिन लिपीचा, एक सिरिलिक.
कुठल्या गावाला कुठली लिपी
ते बोटांना पाठ होतं, मला विचारावं लागत नसे.

स्कोप्येहून त्राय्चे, आकड्याआधी मिरच्यांचा भाव सांगणारा.
ल्युब्ल्यानाचा विन्को: नमस्कार, निकाल, नमस्कार.
सारायेव्होचा हासिब हरला की आधी खोकायचा,
मी पेन्सिल उचलायच्या आत मला कळायचं.
आणि स्प्लिटहून फ्राने.
तुमच्याकडचा समुद्र ऐकू येतो हो, मी म्हणायचे.
तो म्हणायचा, बाई, तो पंखा आहे.

अठरा वर्षं.
एकाचाही चेहरा पाहिला नाही.

शेवटच्या हंगामांत वरून फर्मान आलं: बरोबरी बंद.
सामना सुटत नसेल तर पेनल्टी मारा,
जिंकेल त्याला एक गुण, हरेल त्याला भोपळा.
तक्त्यातला तो मधला रकाना
मीच पट्टी धरून खोडला.
तेव्हा हसू आलं होतं.
शाळाशाळांच्या भिंतींवर बंधुभाव रंगवलेला,
दर वर्षी नवा हात मारायचे रंगाचा,
आणि बरोबरी मात्र कुणाला खपेना.

मग फोन गप्प होत गेले.
विन्कोकडून पत्र आलं, शिक्का सरळ, समास सोडलेला,
जणू भाड्याचं घर झाडून, किल्ली देऊन गेला.
झाग्रेबहून पत्रही नाही.
हासिबने एका रविवारी निकालच दिला नाही.
डोंगरावरून गोळ्या येतायत, म्हणाला,
पोरं कपडे बदलायच्या खोलीत पालथी पडलीयत, बूट घालूनच.
काय लिहू? मी विचारलं.
तो बराच वेळ खोकत राहिला.
सामना तर सुरूच झाला नव्हता.

आठवड्याने चिठ्ठी:
सदर संघाचे निकाल रद्द समजावेत.
लाल शाई, पट्टी.
ऑक्टोबरातल्या चिखलात, कॉर्नरवरून, डोक्याने मारलेला गोल,
अर्धं शहर ज्याच्यासाठी उभं राहिलं होतं,
तो झालाच नाही.
ज्याच्या हाताखालून तो गेला
त्या गोलकीपरला कुणी कळवलं का, माहीत नाही.
त्या वर्षी तक्ता इतका आखूड झाला
की एका बाजूच्या कागदात मावला.
सिरिलिक टाइपरायटर तेवढा चालू राहिला.
दुसऱ्यावर मी टोपण घातलं, नंतर कुंडी ठेवली.

काल एक पोरगा आला होता, खांद्याला लॅपटॉप.
त्या लीगचा सगळा इतिहास भरतोय म्हणे,
ती मेली तेव्हा हा जन्मलाही नव्हता.
माझ्या वह्या चाळता चाळता थांबला.
मॅडम, इथे बेरीज जुळत नाही. एक गुण कमी पडतोय.

कुठलं पान ते मला न बघता ठाऊक होतं.
एक्क्याण्णव सालचा वसंत, स्प्लिट,
फ्रानेचा आवाज, मागे घरघर:
एक-एक. थांबा बाई, आता पेनल्टी मारता...
आणि लाइन गेली.
पुन्हा लावला. पुन्हा. नऊपर्यंत लावत होते.

सोमवारच्या पेपरात निकाल आलाच,
कचेरीच्या तक्त्यात मी तो नीट टाइपही केला,
नोकरी ती नोकरी.
पण वहीत पेन्सिलीने लिहिलंय एक-एक
आणि पुढे कोरं.
फ्रानेनं सांगितल्याशिवाय मी ते कसं भरणार?

मग जिंकलं कोण? पोरग्याने विचारलं.
बोटं कीबोर्डवर तयार.

मी त्याच्या कपात कॉफी ओतली.
म्हटलं, तो पंखा लाव जरा.
फार गरम होतंय म्हणून नाही.
असू दे.